शेडवर पानाच्या शिरा उजळत नाहीत

प्रश्न : पोर्सेलिनच्या मातीवर खऱ्या पानांचे ठसे घेऊन मी दिव्याच्या शेड बनवते. भाजल्यावर कड वाकडी होते, भोकात होल्डर बसत नाही आणि दिवा लावला तरी शिरा जेमतेम दिसतात. कुठे चुकतंय?

उत्तर : आधी शिरांचं पाहू, कारण शेडचा सगळा जीव त्यांतच आहे. माती जिथे पातळ, तिथूनच उजेड झिरपतो. पानाची मागची, उठावदार शिरांची बाजू मातीवर टेकवून लाटलं की शिरेच्या जागी खाच पडते आणि दिवा लावल्यावर नेमकी तीच रेघ उजळते. तुमची मातीची लाटलेली पोळी बहुधा जाड राहते. दोन्ही बाजूंना 3 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटा. पानावरून लाटणं एकदाच फिरवा. पुन्हा फिरवलं की पान सरकतं आणि ठसा दुहेरी येतो. बाहेरून ग्लेझ, म्हणजे काचेसारखं लुकण, अजिबात नको, ते खाचांत साचतं. पक्क्या, म्हणजे शेवटच्या कडक भाजणीनंतर 400 नंबरच्या वॉटरपेपरने पाणी लावून घासा, पृष्ठभाग सायीसारखा मऊ लागेल.

कड वाकते कारण ती सगळ्यांत आधी सुकते. तिच्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळून शेड चार-पाच दिवस सावकाश वाळू द्या. आकारासाठी पाइप वापरत असाल तर त्यावर वर्तमानपत्र गुंडाळा आणि माती उभी राहण्याइतकी घट्ट होताच पाइप काढून घ्या. माती आकसते, पाइप आकसत नाही, म्हणून तडा जातो. पोळी हाताने उचलू नका, कापडासकट उचला. तेव्हा पडलेला बाक पोर्सेलिन भट्टीतही विसरत नाही. पक्क्या भाजणीत शेडखाली त्याच मातीची, चिकटू नये म्हणून ॲल्युमिनाची पूड भुरभुरलेली गोल कडी ठेवा. दोन्ही बरोबरीने आकसतात, कड ओढली जात नाही.

भोकाचा हिशेब सोपा आहे. मातीच्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ मारून पट्टी पक्की भाजा. रेघ 8.7 उरली तर आकसणं 13 टक्के. 40 मिलिमीटरचं भोक हवं असेल तर 40 भागिले 0.87, म्हणजे ओल्या मातीत 46 चं कापा.

होल्डरची रिंग हातानेच आवळा, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घालून. पक्कड लावली की शेड तिथेच चिरते. आत 5 वॅटचा, पिवळसर उजेडाचा एलईडी पुरेसा आहे. गरम हवा निघायला वरची बाजू मात्र उघडी ठेवा.