देवमाशांच्या शिकारीच्या नोंदी तपासताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

देवमाशांच्या शिकारीच्या जुन्या नोंदी तपासायचं काम तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. सोव्हिएत ताफ्यांपासून कर.

देवमाशांच्या शिकारीविषयीच्या १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक कारखाना-जहाजावर (मारलेले देवमासे जिथे कापून तेल-मांस काढत, त्या जहाजावर) चोवीस तास नजर ठेवायला किमान दोन निरीक्षक असत. पण त्यांना नेमणार आणि पगार देणार जहाज ज्या देशाचं, तेच सरकार. दक्षिण गोलार्धात १९४८ ते १९७३ या काळात सोव्हिएत संघाने २,७१० हंपबॅक (देवमाशांची एक जात) मारल्याचं कळवलं; प्रत्यक्षात मारले ४८ हजारांहून जास्त. आणि याच खोट्या आकड्यांच्या आधारे शास्त्रज्ञ देवमाशांची संख्या अजमावत होते! आपला अरबी समुद्रही सुटला नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ २३८ हंपबॅक मारले गेले. इथले हंपबॅक अंटार्क्टिकाला जात नाहीत, बारा महिने इथेच राहतात. त्यामुळे झालेली तूट बाहेरून भरून निघत नाही. आज ओमानजवळ ते शंभरसुद्धा नसावेत. हे वाचलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

१९९३ मध्ये रशियन जीवशास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी हे जगापुढे मांडलं. खरे आकडे हाती लागले, कारण दिमित्री टोर्मोसोव्ह यांच्यासारख्या ताफ्यावरच्या शास्त्रज्ञांनी मूळ नोंदी जिवापाड जपल्या होत्या. त्या माणसांविषयी आदर ठेव.

म्हणून आधी विचार: नोंद कुणी केली, त्याचा पगार कोण देत होतं? १९७२ पासून परदेशी निरीक्षक जहाजांवर येऊ लागले, तेव्हा कुठे लपवाछपवीला बराच आळा बसला. मग लांबीचा रकाना बघ. स्पर्म देवमाशासाठी कारखाना-जहाजांना एकेकाळी ३८ फुटांची किमान मर्यादा होती. आकडे मर्यादेच्या जरा वर दाटीवाटीने बसलेले आणि खाली एकदम शुकशुकाट दिसला, तर मोजपट्टी ताणली गेली आहे असं समज.

शिवाय कागदाबाहेरचा पुरावा शोध. १९९३ मध्ये बेकर आणि पालुम्बी या शास्त्रज्ञांना जपानच्या बाजारातलं देवमाशाचं मांस तपासायचं होतं, पण नमुने देशाबाहेर नेता येत नव्हते. त्यांनी हॉटेलच्या खोलीतच डीएनएच्या प्रती काढायचं यंत्र मांडलं. संरक्षित हंपबॅकचं मांस विकलं जात होतं, हे त्यातून सिद्ध झालं.

लांबीचा आलेख काढलास की मूळ पानांच्या फोटोंसकट पाठव. सोबत बसून पाहू.

तुझा काका