करूळ घाट चढून गगनबावड्याला आलं की गाडीतून रबर जळाल्यासारखा वास येतो, काय बिघडलं असेल?

फक्त चढावरच वास येत असेल आणि गाडी मॅन्युअल असेल, तर बहुतेक क्लच प्लेट तापतेय. सपाट रस्त्यावर एसी लावल्यावर येत असेल, तर इंजिनावरचा, एसी फिरवणारा बेल्ट घसरतोय. कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेजला काम करतो, कोकणातनं वर आलेल्या गाड्यांची ही नेहमीची तक्रार. ट्रकमागं हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून ठेवत, रखडत चढलं की प्लेट जळणारच. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा: आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढला पण वेग वाढला नाही, तर प्लेट संपली. क्लच नीट धरत असेल तर गाडी अर्धा तास थंड होऊ द्या, उगाच खर्चात पडू नका.

बेल्ट असेल तर स्टार्टला चीं आवाज येतो. इंजिन बंद करून बघा, कडा चकाकलेल्या किंवा भेगा दिसतात. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) किंवा पुलीचं बेअरिंग जाम असलं तर नुसता नवा बेल्ट टाकून उपयोग नाही, तोही जळतो.

धूर किंवा वायर जळल्याचा वास असेल तर मात्र हे काही तपासत बसू नका. गाडी बाजूला घ्या, बंद करा, सगळे खाली उतरा.