ब्रिटिश सेटिंग, तरी 'झेड' कसा चालतो?

प्रश्न : आमचं सांगलीत डीटीपीचं दुकान आहे. पीएच.डी.चे प्रबंध टाइप करून देतो. गाइड लोकांना ब्रिटिश स्पेलिंग हवं असतं, म्हणून वर्डमध्ये 'इंग्लिश (युनायटेड किंग्डम)' लावून ठेवलंय. तरी काही पानांवर 'कलर' यूशिवाय लिहिला तरी लाल रेघ येत नाही. 'ऑर्गनाइझ' झेडने चालतो, पण 'ॲनलाइझ' झेडने लिहिला की रेघ येते! सगळे झेड एका झटक्यात एस करून टाकू का?

उत्तर : तेवढं करू नका! 'साइझ'चा झेड गेला तर निदान लाल रेघ तरी येईल. 'प्राइझ'चा गेला तर तीही येणार नाही, कारण एसने होणारा शब्द ब्रिटिश इंग्रजीत आहेच, अर्थ 'उचकटून उघडणे'. विद्यार्थ्याला मिळालेलं पारितोषिक उचकटलं जाईल आणि वर्ड गप्प बसेल.

आता यूचं. वर्डमध्ये भाषा संगणकाला नव्हे, मजकुराला चिकटलेली असते. विद्यार्थ्याने नेटवरून उचललेला परिच्छेद आपलं अमेरिकी लेबल घेऊनच येतो. (असे परिच्छेद किती असतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.) कंट्रोल-ए दाबा, 'रिव्ह्यू'मध्ये 'लँग्वेज', मग 'सेट प्रूफिंग लँग्वेज' उघडून ब्रिटिश निवडा. तिथेच 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर'वर टिक असेल तर काढा. तळटिपा यातून सुटतात. एका तळटिपेत कर्सर ठेवून तेच पुन्हा करावं लागतं.

झेडची गोष्ट वेगळी. झेड म्हणजे अमेरिका, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. ऑक्सफर्डचा कोश ब्रिटिशच, पण 'ऑर्गनाइझ' झेडनेच लिहितो. जागतिक आरोग्य संघटनाही आपल्या नावात झेड लावते, आपली इस्रो एस. म्हणून वर्डची ब्रिटिश शब्दसूची दोन्ही रूपं चालवून घेते. 'ॲनलाइझ'चं मूळ मात्र ग्रीक 'लिसिस'मध्ये. तिथे ऑक्सफर्डही एसच लावतं, म्हणून तुम्हाला रेघ दिसली.

म्हणजे प्रबंधात अर्धे झेड आणि अर्धे एस राहिले, तर वर्ड तुम्हाला सांगणार नाही. काम घेतानाच गाइडना विचारा, एस की झेड, आणि उत्तर कागदावर घ्या. तोंडी उत्तर तिसऱ्या प्रकरणापर्यंत बदलतं. मग 'फाइंड'मध्ये झेडवाले शब्द एकेक बघत बदला, 'रिप्लेस ऑल'ला हात लावू नका. संदर्भसूचीतली लेखांची, संस्थांची नावं जशी छापलीत तशीच ठेवा.

आणि रेघेचा वैताग आला म्हणून 'ॲड टू डिक्शनरी' दाबू नका. तो शब्द पुढच्या गिऱ्हाइकाच्या प्रबंधातही बिनबोभाट पास होईल.