फी भरण्याआधी

पोरी,

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सर्टिफिकेट परीक्षेच्या प्रश्नांची ती लांबलचक पीडीएफ पाठवून तू विचारलंस, "काका, एवढी पाठ केली तर निघेल ना परीक्षा?" निघेलही कदाचित. पण मला त्या प्रश्नापेक्षा त्याच्या खालचा मजकूर मनाला लागला. तू लिहितेस, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात डिस्पॅचच्या नोंदी करता करता बी.एस्सी.ला शिकलेलं पुसत चाललंय. मैत्रीण म्हणते सर्टिफिकेटशिवाय कॉल येत नाही, भाऊ म्हणतो सर्टिफिकेटला कुणी कुत्रं विचारत नाही, आणि दाजी पुण्याच्या क्लासची फी भरायला निघालेत. कष्ट कर, जिद्द सोडू नको वगैरे मी लिहीत बसणार नाही. पहाटेची एसटी धरून कामावर जाणाऱ्या मुलीला ते सांगायची मलाच लाज वाटेल.

एकच सांगतो. प्रश्नातला कोड वाच, आधी कागदावर उत्तर लिही, आणि मगच तो चालवून बघ. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

ती पीडीएफ म्हणजे डम्प आहे, कुणीतरी परीक्षेतून उचललेले प्रश्न. परीक्षेआधी ज्या अटी मान्य कराव्या लागतात, त्यांत असले प्रश्न चालत नाहीत. सापडलं तर निकाल रद्द होऊ शकतो. नीतीचं तुला कळतंच, म्हणून व्यवहाराचं बोलतो. मी ती पीडीएफ चाळली. पहिल्या काही पानांतच दोन उत्तरं धडधडीत चुकीची निघाली. चुकीची उत्तरं पाठ करायला कसली आलीय मेहनत?

आता पाठांतर कुठे फसतं ते बघ. इंटिजर प्रकारची (साधा इंट नव्हे, ऑब्जेक्टवाला Integer) दोन व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची दोन नावं घे, दोन्हींत १२७ ठेव आणि बरोबरची दोन चिन्हं (==) लावून तुलना कर. उत्तर येतं ट्रू. दोन्हींत १२८ ठेवून तेच कर, येतं फॉल्स. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर ऑब्जेक्ट जावा आधीच करून ठेवते आणि तेच ते पुन्हा हातात देते. त्यापुढे एरवी दर वेळी नवा ऑब्जेक्ट येतो. आणि ही दोन चिन्हं ऑब्जेक्टच्या बाबतीत किंमत बघतच नाहीत, दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का एवढंच बघतात. किंमत तपासायची तर इक्वल्स (equals) ही मेथड वापरायची. पीडीएफमध्ये या प्रश्नाखाली नुसतं "उत्तर : ब" लिहिलंय. हे "ब" तू पाठ करणार?

एकदा एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर दुरुस्तीला माझ्याकडे आलं. करून दिलेलं दुसऱ्या कुणीतरी. दहा दिवसांचं बिल निघालं की जुन्या सभासदांची बिलं चोख, नव्या काही सभासदांची शून्य रुपये. नवे सभासद नेमके विरोधी गटाचे! झालं, गावात बोंब उठली की चेअरमननं कॉम्प्युटरला सांगून आमची बिलं दाबली. सचिव बिचारा माझ्यासमोर घाम पुसत बसलेला. मी यादी बघितली. १२७ नंबरपर्यंत सगळं बरोबर, १२८ पासून पुढे शून्य. कोड उघडायच्या आधीच मी हसलो. सभासद क्रमांकांची तुलना त्याच दोन चिन्हांनी केलेली होती. करणाऱ्यानं थोडकेच सभासद घालून तपासलं असणार, मग कळणार कसं? मला ते यादी बघूनच कळलं, कारण परीक्षेच्या तयारीत हाच प्रश्न मी कागदावर चुकवलेला होता. चुकल्यावर का चुकलं ते वहीत लिहिलेलं. पाठ केला असता तर उत्तर बरोबर आलं असतं आणि त्या संस्थेत मीही गट-तटच शोधत बसलो असतो.

म्हणून सांगतो, आधी कागदावर लिही. मग चालवून बघायला साधं नोटपॅड वापर. आयडीई, म्हणजे कोड लिहायचं तयार सॉफ्टवेअर नको, ती चुकीखाली लाल रेघ मारते आणि तुझं डोकं चालायचं थांबतं. परीक्षेत रेघ मारायला कुणी नसतं, उलट "कंपाइल होणार नाही" (म्हणजे कोड चालण्याआधीच नाकारला जाईल) हाच पर्याय वारंवार समोर येतो. बाइट प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये अधिक एक करून परत त्यातच ठेवायला गेलीस तर कंपाइलर अडवतो, तेच अधिक-बरोबर (+=) या जोडचिन्हानं केलंस तर मुकाट्यानं चालतं. का? मी सांगणार नाही. लिही, चालव, शोध.

तू जावाच्या १७ व्या आवृत्तीची परीक्षा धरलीयस, ठीक आहे. २१ ची पण आहे, पण आता घोडं बदलू नको. ९० मिनिटांत ५० प्रश्न, पास व्हायला ६८ टक्के, म्हणजे ३४ बरोबर यायला हवेत. एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. मॉड्यूलसारख्या गोष्टी नोकरीत क्वचितच हाताला लागतील, पण विचारतात, तेव्हा कुरकुर न करता कर. अभ्यासक्रमातल्या स्ट्रीम्स या भागाला जास्त वेळ दे, रेकॉर्ड आणि सील्ड क्लास हे भाग लवकर उरकतील. न पाहिलेल्या सराव पेपरात सलग ऐंशीच्या वर टक्के पडायला लागल्याशिवाय परीक्षेची फी भरू नको.

आता उपयोगाचं. तुझा भाऊ म्हणतो त्यात तथ्य आहे. चार-पाच वर्षं काम केलेल्या माणसाला मुलाखतीत सर्टिफिकेटबद्दल फारसं कुणी विचारत नाही. पण तुझ्या हातात अनुभव म्हणून काय आहे? डिस्पॅचच्या नोंदी. अर्जांच्या ढिगाऱ्यातून तुझा कागद वर यायला सर्टिफिकेटच्या त्या एका ओळीची मदत होईल. वर आल्यावर समोरचा माणूस कोड लिहायला सांगणार, तिथे ती ओळ कामाची नाही, वही कामाची.

माझं म्हणशील तर माझं सर्टिफिकेट जावा ज्यांनी बनवली त्या सन कंपनीचं. २०१० मध्ये ओरॅकलनं सन घेतली आणि माझ्या कागदावरची कंपनीच गेली. पुढच्या परीक्षा मी दिल्या नाहीत. दुकान चालवायचं की पेपर सोडवायचे? मग एका मोठ्या कामाच्या टेंडरात रकाना आला : प्रमाणपत्रधारक माणसं किती? आम्ही शून्य लिहिलं आणि काम पुण्याला गेलं. अजून टोचतं ते, खोटं कशाला बोलू. पण त्याच कामात बिघाड झाला की रात्री फोन मलाच येतो, पुण्याला नाही. नातेवाईक म्हणतात, पुण्यातच राहिला असतास तर आज कुठे असतास. इथे कोल्हापुरातच असतो, आणखी कुठे! उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्याला हीट नंबरवरून, म्हणजे भट्टीतल्या एकेका वितळणीच्या नंबरावरून, रिजेक्शन (खराब निघालेला माल) शोधून देणारं सॉफ्टवेअर त्याच्या भट्टीशेजारी उभं राहूनच लिहावं लागतं. ते मी लिहिलं आणि ते अजून चालतंय. असो. हे तुला पटवतोय की स्वतःला, तूच ठरव.

तुला मात्र तो रकाना रिकामा ठेवायची गरज नाही. परीक्षा दे. पण कागदावर लिहून तयारी करून दे.

रोज शिफ्टनंतर दहाच प्रश्न घे, जास्त नको. वहीच्या डाव्या पानावर तुझं उत्तर आणि त्याचं कारण, उजव्या पानावर चालवल्यावर आलेलं. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे थांब, लगेच गुगल करू नको, जेवून ये, परत बघ. उत्तर बरोबर आलं पण कारण चुकलं, तर तेही चूकच धर. या बाबतीत मी सवलत देणार नाही.

रविवारी दुपारी राजारामपुरीत ऑफिसला ये. लॅपटॉप आणू नको, वही आण. आणि दाजींनी त्या क्लासवाल्याला ॲडव्हान्स दिला असेल तर आजच फोन करून परत मागायला सांग. आढेवेढे घ्यायला लागला तर त्याचा नंबर मला पाठव, मी बोलतो.

तुझा,
काका