वाचकांचे प्रश्न : पावसाच्या खंडात सोयाबीनवर जैवउत्तेजके फवारावीत का?

प्रश्न : आमची औसा तालुक्यात पाच एकर मध्यम काळी कोरडवाहू जमीन असून तीत सोयाबीन आणि तूर असते. अलीकडे ऐन फुलोऱ्यात पाऊस दोन-तीन आठवडे दडी मारतो. कृषी सेवा केंद्रात समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्ले वगैरे जैवउत्तेजके (पिकाच्या वाढीला व ताण सोसण्याला मदत करणारी द्रव्ये) पाण्याच्या ताणावरचा उपाय म्हणून सुचवली जातात. त्यांनी पीक खरोखर तग धरते का आणि फवारणी नेमकी केव्हा करावी?
– एक वाचक, जिल्हा लातूर

उत्तर : ऑगस्ट २०२३ हा १९०१पासूनच्या नोंदींमधील देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि तेव्हा मराठवाड्यातील सोयाबीन फुलोऱ्यात व शेंगा धरण्याच्या अवस्थेत होते, हे आपणांस आठवत असेलच. अशा वेळी हाती काही तरी उपाय असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पानांवर फवारलेले कोणतेही द्रावण मुळांना पाणी देत नाही. जमिनीत थोडी ओल शिल्लक असताना तिचा वापर पिकाने जपून करावा आणि पाऊस परतल्यावर लवकर सावरावे, एवढेच काम फवारणी करू शकते.

ताण पडताच झाड पानांवरील रंध्रे, म्हणजे सूक्ष्म छिद्रे, मिटून घेते; त्यामुळे पाणी वाचते, पण अन्न तयार होण्याचा वेग मंदावतो. सोयाबीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मुळांवरच्या गाठींमध्ये हवेतील नत्र बांधण्याची जी क्रिया चालते ती पानांतील अन्ननिर्मितीपेक्षाही आधी मंदावते, म्हणजे झाड कोमेजलेले दिसण्यापूर्वीच त्याची नत्राची उपासमार सुरू झालेली असते. म्हणूनच खंडात सोयाबीनवर १ टक्का पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे १३:००:४५ हे विद्राव्य खत १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम घेऊन, फवारणी करण्याची शिफारस केली जाते. त्यातील पालाश (पोटॅश) रंध्रांची उघडझाप सांभाळण्यास मदत करते आणि नत्र थेट पानांतून मिळते. कायद्याच्या भाषेत हे जैवउत्तेजक नसून खत आहे, पण स्वस्त आहे आणि त्याचे घटक नेमके ठाऊक आहेत; म्हणून पैसे मोजकेच असतील तर मी आधी याचाच विचार करीन.

शेवाळाच्या अर्काने पेशींतील पाणी टिकवून धरणाऱ्या द्रव्यांची निर्मिती वाढते आणि ताणाने होणारी पेशींची हानी कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. तथापि हा परिणाम उत्पादनानुसार, वाणानुसार आणि ताणाच्या तीव्रतेनुसार बदलतो, त्यामुळे हमखास वाढीचे आकडे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नये.

वेळेला येथे सर्वाधिक महत्त्व आहे. दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा टवटवीत होत असतील, तोवर फवारणीचा उपयोग होतो. सकाळीही पाने माना टाकून असतील तर रंध्रे मिटलेली असतात, द्रावण आत शिरत नाही आणि क्षार साचून पाने करपण्याचा धोका वाढतो. फवारणी सकाळी लवकर किंवा चारनंतर, वारा शांत असताना करावी. तणनाशकासोबत ही द्रावणे कधीही मिसळू नयेत.

याआधी कोळपणी करून, म्हणजे ओळींमधली वरची माती कोळप्याने हलवून, भेगा बुजवाव्यात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे आपल्याकडे म्हणतात ते खरेच आहे. शेततळ्यात पाणी असल्यास शेंगा भरताना तुषार संचाने दिलेली एक पाळी कोणत्याही बाटलीपेक्षा मोलाची ठरते.

आपण जैवउत्तेजक वापरून पाहणार असाल, तर त्याच शेतात चार-पाच तासे (पिकाच्या ओळी) न फवारता सोडावीत आणि मळणीच्या वेळी तेवढ्याच फवारलेल्या तासांचा माल वेगळा तोलून पाहावा. आपल्या जमिनीत ते लागू पडते का, याचे उत्तर तो काटा देईल.

प्रश्न : कोरडवाहू हरभऱ्यावरही हीच फवारणी चालेल का?
– एक वाचक, जिल्हा सोलापूर

उत्तर : हरभरा जमिनीतील साठलेल्या ओलीवर वाढतो, त्यामुळे त्याला ताण अखेरीस, घाटे भरताना बसतो आणि तोवर गाठींचे कामही मंदावलेले असते. म्हणून फुलोऱ्यात २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, फवारणे अधिक सयुक्तिक आहे.

प्रश्न : जैवउत्तेजकाची बाटली खरी की खोटी हे कसे ओळखावे?
– एक वाचक, जिल्हा वाशीम

उत्तर : केंद्र सरकारने २३ फेब्रुवारी २०२१ रोजी खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये दुरुस्ती करून जैवउत्तेजकांना त्याच्या सहाव्या अनुसूचीखाली आणले. त्यामुळे बाटलीवर घटकांचे प्रमाण, पीक, मात्रा, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता पाहावा, पक्की पावती घ्यावी आणि शंका आल्यास तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारावे. पीक व मात्रा न लिहिता नुसते ‘सर्व पिकांसाठी’ असे छापलेले उत्पादन मी स्वतः घेणार नाही.