एअर विंग मिळाली नाही, म्हणून बूट जिन्याखाली

‘पोराला पायलट व्हायचंय, पण कॉलेजात एनसीसीची आर्मी विंगच आहे. मग तीन वर्षं परेड करून उपयोग काय?’ हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी दोन-तीन घरांतून तरी येतो. मागे ऑक्टोबर छाटणीच्या ऐन घाईत तो घेऊन आले निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार. सोबत त्यांची मुलगी. तिला इथे रेवा म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रेवा एफवाय बीएस्सीला, नाशिकरोडला आत्याकडे राहणारी. जुलैमध्ये धावून, मुलाखत देऊन एनसीसीत निवड झाली. पहिल्या परेडला कळलं की ही आर्मी विंग आहे. दोन महिने कशीबशी गेली आणि मग थांबली. आत्याने सांगितलं, बूट वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्याखाली ठेवलेत, टोपीवरचा लाल हॅकल, म्हणजे तुरा, काढून देवघरातल्या खणात. टाकून दिला नव्हता, ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली.

वडिलांची काळजी वेगळीच होती. “मॅडम, एका खासगी क्लासवाल्याने सांगितलंय, पैसे भरा, दोन वर्षांत पायलटचं लायसन्स हातात. एक एकर काढायची तयारी आहे माझी. पण पोरगी ना धड परेडला जाते, ना अभ्यास करते.” खिशात सातबाऱ्याची घडी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि बोलणं संपेपर्यंत वरचा हात काढला नाही.

मी रेवाला विचारलं, विमानाचं वेड लागलं कुठून? ओझरजवळचं गाव. एचएएलच्या, म्हणजे विमान कारखान्याच्या, धावपट्टीवरून सुखोई उठलं की शाळेत फळ्यावरचा खडू थांबायचा, म्हणाली. आणि आता नाशिकरोडला? “आता हेलिकॉप्टरच दिसतात. चीता आणि चेतक मी आवाजावरून ओळखते.” हे सांगताना ती पहिल्यांदा ताठ बसली. मी विचारलं, ती कोण उडवतं? “एअर फोर्स.”

इथेच गाठ होती. ती हेलिकॉप्टरं उडतात नाशिकमधल्याच गांधीनगरच्या तळावरून आणि तिथे प्रशिक्षण घेतात ते सैन्यदलाचे अधिकारी. आर्मी एव्हिएशन कोअर, म्हणजे सैन्यदलाची स्वतःची हवाई शाखा, १९८६ पासून आहे आणि तिचे वैमानिक घडवणारी शाळा रेवाच्या आत्याच्या घरापासून रिक्षेच्या अंतरावर. २५ मे २०२२ रोजी याच शाळेत कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या छातीवर विंग्ज, म्हणजे वैमानिकाचं पदक-चिन्ह, लागले. सैन्यदलातल्या त्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर. त्यांची सुरुवातही एव्हिएशनमध्ये झाली नव्हती. २०१८ मध्ये त्या आर्मी एअर डिफेन्समध्ये अधिकारी झाल्या आणि नंतर इकडे आल्या. रेवा दोन वर्षं त्याच आकाशाखाली कपडे वाळत घालत होती आणि ‘आर्मी विंगमध्ये आकाश नाही’ म्हणून रुसली होती.

पण मुलं पुन्हा उभी राहावीत म्हणून अर्धंच सांगायचं, हे मला पटत नाही. तिला स्पष्ट सांगितलं: हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला एनसीसी स्पेशल एंट्रीने जायचं तर एअर विंगचंच ‘सी’ सर्टिफिकेट, म्हणजे एनसीसीची शेवटची परीक्षा, लागतं, तुझं चालणार नाही. तो एक रस्ता बंद. सैन्यदलाच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला मात्र तुझं ‘सी’ चालतं. किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले की लेखी परीक्षा नाही, अर्जांच्या छाननीतून निवड झाली की थेट एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत. पण मुलींसाठी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात आणि अधिकारी झाल्यावर एव्हिएशन मिळेलच, याची हमी कुणीच देत नाही. म्हणून जोडीला एएफकॅट. हवाई दलाच्या या परीक्षेला एनसीसी लागतच नाही. फ्लाइंगसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के, पदवीला ६० टक्के, वय २० ते २४.

“मग मी एनसीसी का करू?” तिने बरोबर जागेवर बोट ठेवलं.

कारण एसएसबीला पाच दिवस तुला पारखतात ते पाठांतरावरून नाही. अनोळखी आठ-दहा जणांत तू कशी बोलतेस, ओझं कुणाच्या हातात आधी देतेस, चूक झाली तर काय करतेस, हे पाहतात. कॅम्पात पहाटे रांगेत उभं राहून, दहा मुलींच्या तंबूची जबाबदारी घेऊन जे अंगात मुरतं, ते क्लासमध्ये विकत मिळत नाही. गणवेश, कॅम्प, फायरिंग, सगळं सरकारी खर्चाने. निवडक कॅडेट्सना तर आग्र्याला पॅराशूटने उडी मारायलाही शिकवतात. आणि कॅडेट म्हणून सैन्यात जाण्याचं कुठलंही बंधन नाही. तीन वर्षांनी ‘हे माझं काम नव्हे’ असं कळलं, तरी ते जमीन न विकता कळेल.

हे ऐकून वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलीकडे बघून म्हणाले, “एप्रिलच्या खरड छाटणीला कुठे द्राक्षं लागतात? तेव्हा काडी तयार होते. माल ऑक्टोबरच्या छाटणीवर.” माझं अर्ध्या तासाचं बोलणं त्यांनी दोन वाक्यांत बागेत नेऊन ठेवलं.

जमिनीचं मी त्यांना वेगळं सांगितलं. व्यावसायिक लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, खर्च कित्येक लाखांत जातो आणि लायसन्स मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. भाऊसाहेब, सातबारा काढण्याआधी पोरीचे डोळे तपासा. रंगदृष्टीसकट. हवाई दलात वैमानिकाला उंची १६२.५ सेंटिमीटर लागते. शिवणाच्या टेपने माझ्याच भिंतीला टेकवून मोजली, १६४ भरली. डोळ्यांचा अहवाल आठवड्याने आला, तोही स्वच्छ. तो वाईट आला असता, तरी माझा सल्ला फारसा बदलला नसता. हवाई दलात जमिनीवरची कामं आहेत, ओझरला विमानं बांधणारे हात आहेत.

रेवाची धाकटी बहीण नववीत आहे, म्हणून जाता जाता तेही बोललो. एनडीए, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी खडकवासल्याची प्रबोधिनी, मुलींना २०२२ पासून खुली झाली आणि दहावीनंतर तयारी करून घेणारी मुलींची सरकारी संस्था २०२३ पासून नाशिकमध्येच आहे. मोठीच्या वेळी हे घरात कुणाला माहीतच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

रेवाने कॉलेजात एनसीसी बघणाऱ्या एएनओ मॅडमना स्वतः भेटून चुकलेल्या परेडबद्दल माफी मागितली. ते पत्र मी लिहून द्यावं अशी तिची इच्छा होती, मी नाही म्हटलं. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळे वर्षभर एकही परेड चुकवायची सोय उरली नव्हती. जिन्याखालचे बूट निघाले. दोन महिन्यांत चामडं आवळलं होतं, पहिल्या दिवशी टाचेला फोड आला.

मार्चमध्ये रेवाच्या वडिलांचा, अप्पांचा, फोन आला. मागे क्रेट भरण्याचा आवाज, माल उतरत होता. रेवा दहा दिवसांच्या कॅम्पवरून काळवंडून आली होती आणि अख्ख्या घराला चादरीच्या घड्या शिकवत होती. त्यांचा प्रश्न वेगळा होता. नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची जाहिरात त्यांनी पेपरातून कापून ठेवली होती. एसएसबीची तयारी, राहणं-जेवण सगळं मोफत. “मॅडम, आत्ताच पाठवू का?”

मी सांगितलं, ‘सी’ चांगल्या ग्रेडने होऊ दे, एनसीसी ग्रुप हेडक्वार्टर्सची शिफारस मिळू दे, मग. कात्रण जपून ठेवा.

“सातबाऱ्याच्याच पिशवीत ठेवलंय,” ते म्हणाले.