वाचक विचारतात : धारेवरून उतरताना वाट का चुकते?

प्रश्न : सर, मी एम.एस्सी. बॉटनी करतोय. दिवाळीनंतर कोयनेच्या रानात झाडांचा सर्व्हे आहे, परमिशन झालीये, फॉरेस्टचा गार्ड पण सोबत असेल. माथे आणि धारा (डोंगरमाथ्याच्या लांब, अरुंद कण्या) फिरायच्यात. टॉपोशीट (डोंगराचे चढउतार दाखवणारा नकाशा) नि जीपीएस दोन्ही आहे, तरी सिनियर म्हणतात उतरताना चुकाल. असं का? आणि प्लॉट (झाडं मोजायला आखलेले तुकडे) कुठे टाकू?
– एक वाचक, कराड

उत्तर : सिनियर बरोबर सांगतायत. चढताना सगळ्या सोंडा, म्हणजे धारेपासून खाली उतरलेले डोंगराचे फाटे, वर एका धारेला येऊन मिळतात, म्हणजे वर जात राहिलात की माथा येतोच, पण उतरताना तीच धार पंजाच्या बोटांसारखी फुटत जाते आणि रानात ते फाटे दिसतच नाहीत, जरा डावीकडे कललात की भलत्याच सोंडेवर. म्हणून चढतानाच जिथे सोंड धारेला मिळते तिथे थांबा, मागे वळून बघा, फोटो काढा, जीपीएसवर पॉइंट घ्या. परतताना तुम्हाला तेच दृश्य दिसणार असतं. हे कंटाळा न करता प्रत्येक जोडावर कराच.

टॉपोशीटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, 1:50,000 च्या शीटवर दोन कंटूरमध्ये, म्हणजे समान उंची दाखवणाऱ्या रेषांमध्ये, 20 मीटर उंचीचं अंतर असतं, म्हणजे 15 मीटरचा सरळ कातळकडा त्या दोन रेषांच्या मध्ये बसून जातो आणि नकाशावर दिसतच नाही. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला, त्यामुळे असे टप्पे जागोजागी. कोकणाच्या बाजूला तर विचारूच नका.

आता प्लॉट. धारेवर चालायला बरं पडतं म्हणून सगळे प्लॉट तिथेच टाकले जातात, आणि मग रिपोर्टमध्ये धारेचंच रान सगळं रान म्हणून येतं, हे मला अजिबात पटत नाही. धारेवर माती कमी, पावसाळ्यात वारा बेफाम, तिथली अंजनी आणि जांभळं खुजी, वाकडी राहतात. तीच झाडं खाली घळीच्या अंगाला सरळ उंच गेलेली दिसतील. त्यामुळे धार, उतार, घळ तिन्हीकडे प्लॉट हवेत आणि उतार पूर्वेचा की पश्चिमेचा हे प्रत्येक वेळी लिहा. खोडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर घेता ना, उतारावर ती उंची झाडाच्या वरच्या अंगाने मोजायची, खालच्या अंगाने घेतलीत तर आकडे गंडतात. अंजनीला बुंध्यापासूनच बरेच फाटे असतात, प्रत्येकाचा घेर वेगळा घ्या.

कारवीच्या दाट झुडपांत शिरताना बोलत, आवाज करत जा. त्या दाटीत गवा किंवा अस्वल अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि एकटा गवा दिसला तर तुम्हीच वाट सोडायची. कड्याला आग्या मोहोळ असेल तर तिथे सिगरेट, धूर, अत्तर, डिओ काही नको. गोचिडांसाठी पँट मोज्यात खोचा आणि संध्याकाळी अंग नीट तपासा.

आणि चुकलातच तर शेवटच्या पॉइंटपर्यंत परत वर चढा, कितीही दमलेले असलात तरी. पाण्याचा आवाज आला म्हणून घळीत उतरू नका, कोकणाकडची घळ बऱ्याचदा पुढे कड्यावरून थेट खाली पडते आणि तिथून ना उतरता येतं ना परत चढता येतं.